मळीतलं जांभूळ नदीत जायच्या आत त्याचं रोप कसं करू?

कृष्णाकाठ_पलूस · १२ जून २०२४

नमस्कार. मी पलूस तालुक्यातली. भिलवडीच्या पुढं, कृष्णेच्या काठाला आमचं रान आहे. जरा लांबण लावते, कारण झाडाची हकिकत कळल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही.

मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, अगदी दरडीच्या टोकाला, जांभळाचं जुनं झाड आहे. बुंधा दोन माणसांच्या कवेत मावत नाही. मी १९८८ ला लग्न होऊन आले, तेव्हाही ते एवढंच थोरलं होतं. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. जांभळं उतरवायला त्यांनीच शिकवलं. झाडाखाली जुनी लुगडी अंथरायची, चढणाऱ्यानं बुंध्याजवळच्या जाड फांदीवरच पाय ठेवायचा, कारण जांभळाची फांदी वाकत नाही, कचकन मोडते. आणि गोळा केलेली जांभळं डालग्यात एकावर एक रचायची नाहीत, परातीत पसरायची. आत्ती पळसाच्या द्रोणात मीठ लावून स्टेशनावर विकायच्या. त्या पैशांतून माझ्या नणंदेची शाळेची पुस्तकं आली, हे त्या स्वतः सांगायच्या.

फळ असं की पाव किलोत वीस-बावीस बसतात. लांबट, बी बारीक, गर फिकट गुलाबी, आणि घसा धरत नाही. आमच्या भागात वाटेवरची, शाळेतली, देवळामागची सगळी जांभळं मी खाल्ली आहेत. ती तुरट आहेत, बी मोठं आहे. असं दुसरं झाड मला सापडलं नाही.

आता अडचण. २००५ च्या पुरात पाणी बुंध्याला लागलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा हे झाड आठ दिवस निम्मं पाण्यात उभं होतं. ऊस कुजला, शेवगा गेला, पपई गेली. जांभळाची काही पानं गळली, बाकी त्याला काही झालं नाही. पण पूर ओसरताना दरड खचते. २०२१ नंतर नदीच्या बाजूची मुळं उघडी पडलीत, माणूस खाली वाकून जाईल एवढी पोकळी झाली आहे. अजून एक-दोन मोठे पूर आले की झाड नदीत जाणार, हे मला दिसतं आहे. म्हणून त्याच जातीची झाडं वरच्या रानात, गावठाणाच्या बाजूला लावायची आहेत.

मी काय केलं ते सांगते. यांना साखर आहे, म्हणून दरवर्षी बिया पत्र्यावर वाळवून पूड करते. गेल्या वर्षीच्या त्याच वाळलेल्या बियांतल्या चाळीस काढून ठेवल्या आणि पाडव्याला पिशव्यांत लावल्या. एकही उगवली नाही. तिकडं झाडाखाली मात्र गेल्या पावसाळ्यात आपोआप रोपं आली होती, आणि एकेका बीला दोन-दोन, तीन-तीन कोंब! त्यातली दोन रोपं आणून परसात लावली आहेत. ती याच चवीची होतील का?

माझं माहेर शिराळ्याकडं, वारणेच्या खोऱ्यात. भाऊ म्हणतो, तिथल्या ओढ्याकाठी चिंचोळ्या पानांचं जांभूळ आहे, त्याच्या रोपाचा खुंट, म्हणजे खालचा मुळाचा भाग, करून त्यावर आपलं कलम बांध, पाण्यात टिकेल. हे खरं का?

आणि धाकट्या दिरांचं म्हणणं, नदी नेईल त्याआधी लाकूड तरी विकू. त्यांचंही चुकत नाही, पण मला ते झाड उभं असेपर्यंत उभं ठेवायचं आहे.

कुणी कलमाचं काम केलेलं असेल तर कृपा करून सांगा. जांभळं आता पडायला लागली आहेत.

---

रोपवाटिका_कराड · १२ जून २०२४

ताई, जांभळं पडायला लागलीत म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत.

आधी बियांचं. ज्वारी-हरभऱ्याचं बी वाळवलं की टिकतं, जांभळाचं वाळवलं की मरतं. आंबा, फणस, कोकम, जांभूळ ही एका रीतीची. आतला ओलावा गेला की कोंब गेला. फळातून काढल्यावर दहा-पंधरा दिवसांत त्याची उगवण जवळजवळ संपते. तुमच्या चाळीस बिया पत्र्यावरच संपल्या होत्या, पाडव्याला मातीत गेलं ते नुसतं टरफल. पूड खुशाल करा, पण लावायच्या बिया वेगळ्या काढा. आज फळ खाल्लं, बी धुऊन गर काढला, सावलीत पाणी निथळलं की उद्या-परवा पिशवीत. बोटाच्या पेराएवढं खोल, आडवं. माती-शेणखत-वाळू सारखी. पिशवी रुंद नको, उंच घ्या, मुळी सरळ खाली जाते.

हे झाले खुंट. फळ तेच हवं असेल तर कलमाला पर्याय नाही. यंदा जूनमध्ये टाकलेलं रोप फाल्गुनापर्यंत पेन्सिलीच्या जाडीला येतं. मी स्वतः फाल्गुन-चैत्रात पाचर कलम बांधतो. पद्धत अशी: मूळ झाडावरच्या तीन-चार महिन्यांच्या, उन्हात वाढलेल्या शेंड्याच्या काड्या निवडायच्या. कापायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच त्यांची पानं छाटायची, देठ ठेवायचे. मग देठ आपोआप गळतात आणि डोळे फुगतात. तो फुगलेला डोळा दिसला की काडी तयार. बोटभर लांब काडी, खाली दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, खुंट वीतभर उंचीवर छाटून मधोमध चिरायचा, पाचर बसवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. वरून आइसकँडीची लांब पिशवी उलटी घालायची, म्हणजे काडी सुकत नाही. डोळा फुटला की पिशवी काढायची. सालीला साल एका बाजूनं तरी जुळलीच पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

काड्या कापल्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळा, त्याच दिवशी बांधा. दुसऱ्या दिवसावर ठेवलेल्या काड्यांनी मला नेहमी फसवलं आहे.

गुटी, म्हणजे फांदीला झाडावरच मुळ्या फोडून रोप करणं, करून बघू नका असं म्हणणार नाही, पण माझ्याकडं जांभळाच्या गुटीला कधी धड मुळ्या सुटल्या नाहीत. शिवाय तिला सोटमूळ नसतं. तुमच्या काठाला वारं किती असतं ते तुम्हाला ठाऊक.

---

पानाआडचा_सातारा · १३ जून २०२४

ताई, मी साताऱ्यात महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. एका बीला तीन कोंब, हा तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. वर्गात हे दाखवायला मी दर जुलैला जांभळाचीच रोपं उपटून आणायचो.

एका बीत एकाहून जास्त गर्भ, याला बहुभ्रूणता म्हणतात. जांभळात ती नेहमीची. त्यातला एक गर्भ परागीभवनातून आलेला असतो, म्हणजे त्यात बापाचा वाटा असतो. बाकीचे पुष्कळदा आईच्याच पेशींतून फुटलेले असतात, आणि ते आईसारखे निघतात. म्हणून गावोगावी लोक सांगतात की अमक्याच्या बीचं झाड अगदी तसंच निघालं. ते खोटं नाही. पण तीन कोंबांतला आईचा कुठला हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि जोमानं वाढतो तोच आईचा असंही धरून चालता येत नाही. परसातली दोन्ही रोपं राहू द्या. बीच्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षं लागतात, तोवर कलमांवर भरवसा ठेवा. कलम साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी फळतं.

आता भावाच्या चिंचोळ्या पानांच्या जांभळाबद्दल. जांभूळ ज्या प्रजातीत येतं तिचं नाव सिझिजियम. जंबूल कुलातली ही सगळ्यांत मोठी प्रजात, जवळजवळ १२०० जाती, आफ्रिकेपासून भारत, मलाया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत. १७८८ मध्ये जोसेफ गेर्टनर या जर्मन शास्त्रज्ञानं ती मांडली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एका जुवाला जुंपलेले. तुम्ही रानातल्या आहात, तुम्हाला हे लगेच पटेल: जांभळाची पानं बघा, समोरासमोर, बैलजोडीसारखी.

आपलं खायचं जांभूळ सिझिजियम क्युमिनी. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ मध्ये त्याला मिर्टस या प्रजातीत घातलं होतं. पुढं ते युजेनिया जांबोलाना झालं. औषधांच्या जुन्या बाटल्यांवर आणि जुन्या पुस्तकांत हेच नाव दिसतं. आजचं नाव १९१२ पासूनचं. झाड तेच, पाट्या बदलल्या.

कोकणातलं पांढरं-गुलाबी जाम याच प्रजातीतलं. गुलाबजाम नावाचं फळही. आणि लवंगसुद्धा! डब्यातली एक लवंग कोमट पाण्यात भिजवा. चार नख्या दिसतात ती फुलाची निदलं, मधला गोळा म्हणजे न उमललेल्या पाकळ्या. तो नखानं सोला, आत गुंडाळलेले पुंकेसर निघतील. इंडोनेशियातल्या मलुकु बेटांवरच्या झाडाची ती सुकवलेली कळी आहे. जांभळाच्या कळीचंही तसंच. पाकळ्या एकत्र टोपीसारख्या गळून पडतात आणि पुंकेसरांचा झुबका मोकळा होतो. चैत्रात झाडाखाली पांढरट धाग्यांचा सडा पडतो तो पाकळ्यांचा नसतो, पुंकेसरांचा असतो.

शिराळ्याकडं ओढ्यांच्या काठी चिंचोळ्या पानांचं येतं ते सिझिजियम हेनियानम. तेही जांभूळच, पण वेगळी जात. वाढ खुजी, फळ लहान. खुंटाला मी ते सुचवणार नाही. ज्याची कलमकाडी त्याचाच खुंट असला की जोड आयुष्यभर टिकतो. आणि पाण्याचं म्हणाल, तर तुमच्या झाडानं २०१९ मध्ये आठ दिवस उभं राहून उत्तर दिलंच आहे. जांभूळ मुळातच पाणथळ सोसणारं झाड.

एक सावधगिरी. डोंगरात कुणी पारजांभूळ म्हणून रोप दिलं तर घेऊ नका. नावात जांभूळ असलं तरी ते ऑलिव्हच्या कुळातलं आहे. ओळख सोपी: पान उजेडासमोर धरा. खऱ्या जांभळाच्या पानात तेलाचे बारीक ठिपके चमकतात आणि कडेला लागून एक शीर पानभर फिरते. चुरगाळलं की आंब्याच्या पानासारखा वास येतो.

---

वारणाकाठ · १३ जून २०२४

वहिनी, लाकडाबद्दल. दिरांना सांगा, आपल्या मालकीचं असलं तरी जांभूळ असं तोडता येत नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत हिरडा, साग, आंबा, चिंच, फणस यांच्याबरोबर जांभूळही आहे. वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आमच्या चुलत्यांनी बांधावरचं एक विचारल्याशिवाय पाडलं आणि पुढं वर्षभर हेलपाटे घातले.

लाकूड पाण्यात कुजत नाही हे मात्र खरं. आमच्या जुन्या विहिरीच्या तळाला घातलेलं कडं जांभळाचं आहे. विहीर उपसली तेव्हा मी स्वतः हातानं चाचपून बघितलं, कुऱ्हाडीच्या खुणा अजून दिसतात.

---

मधपेटी_महाबळेश्वर · १४ जून २०२४

काकू, मी इकडं सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. महाबळेश्वरच्या जंगलात अंजनी, जांभूळ आणि पिसा हीच मुख्य झाडं. जांभूळ फुललं की आमची सुगी. त्याचा मध गडद आणि मागून किंचित तुरट लागतो. कारवीचा मध आठ वर्षांनी, जांभळाचा दर वर्षी, म्हणून आमची चूल जांभळावर. २०२२ ला आमच्या तालुक्यातलं मांघर मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्यामागंही ही झाडं आहेत.

तुमच्याकडं चारी बाजूंनी ऊस. चैत्रात माश्यांना खायला काय असतं? ते एक झाड फुललं की किती लांबून येत असतील! नवीन झाडं लावाल तेव्हा फुलोऱ्यात फवारणी अजिबात नको, एवढंच माझं मागणं.

---

बागवान_तासगाव · १५ जून २०२४

एवढी खटपट कशाला? बहाडोलीची कलमं आणून लावा. पालघर जिल्ह्यातल्या त्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. फळ टपोरं, बाजारात नाव आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं कोकण बहाडोली म्हणून वाण दिला आहे. दहा बाय दहा मीटरवर एकरी चाळीस झाडं बसतात, हिशेब करून बघा.

---

कृष्णाकाठ_पलूस · १५ जून २०२४

दादा, तुमचा हिशेब बरोबर आहे, आणि ज्याला बाग करायची त्यानं तसंच करावं. दोन झाडं बहाडोलीची मीही लावीन. पण मला बाग करायची नाही. बहाडोलीच्या लोकांनी त्यांच्या गावचं जांभूळ जपलं, म्हणून आज त्याला नाव आहे. आमच्या मळीतलं जांभूळ आमच्याशिवाय कोण जपणार?

सर, लवंग भिजवून सोलली. नातीला दाखवली. आत खरंच गुंडाळलेले धागे निघाले. ती आता प्रत्येक पान उजेडाला धरते आहे. पेरूच्या पानातही ठिपके दिसले म्हणाली.

---

पानाआडचा_सातारा · १५ जून २०२४

दिसणारच! पेरू याच कुळातला. निलगिरीचं पान मिळालं तर तेही दाखवा तिला.

---

कृष्णाकाठ_पलूस · २२ सप्टेंबर २०२४

कळवायचं राहिलं. जूनमध्ये साठ ताज्या बिया लावल्या, एक्कावन्न उगवल्या. निम्म्याहून जास्त बियांना दोन-दोन कोंब होते. खुंटासाठी एकच ठेवला, बाकीचे कात्रीनं कापले, उपटले नाहीत. जुलैत नदी पात्राबाहेर आली तेव्हा पिशव्या माडीवर नेऊन ठेवल्या होत्या. झाड उभं आहे. दरड हातभर आत आली.

---

कृष्णाकाठ_पलूस · ३० मार्च २०२५

आज पाडवा. कलमं बांधून तीन आठवडे झाले. कराडच्या दादांनी लिहिलं तसं आठ दिवस आधी पानं छाटली होती. पुतण्या फांदीवर, मी खाली. नदीकडच्या फांद्यांवर काडी चांगली, उन्हात वाढलेली, पण तिकडं चढवायला माझं मन धजलं नाही, गावाकडच्याच बाजूच्या घेतल्या. तीस कलमं बांधली. पलूसचे एक माळीबुवा आले होते, त्यांनी वीस बांधली, दहा मी त्यांच्या हाताकडं बघून बांधली.

आजच्या तारखेला माळीबुवांची तेरा फुटली, माझी दोन. कोवळं पान तांबूस येतं, जुन्या झाडाच्या पालवीसारखंच. पहिलं फुटलं त्या दिवशी आत्तींची फार आठवण झाली. काही पिशव्यांत पाणी साचलं होतं, त्यातल्या काड्या काळ्या पडल्या. आणि कलमाच्या खालून खुंटाला फुटवे येत आहेत. ते ठेवू की काढू?

---

रोपवाटिका_कराड · ३० मार्च २०२५

लगेच काढा, बोटानं खुडा, रोजच्या रोज. ते वाढले तर सगळा रस खुंट खाईल आणि तुमची काडी उपाशी राहील. पहिल्या वर्षी दहांत दोन म्हणजे तुमचा हात बसतो आहे. माझी पहिली वीस सगळी गेली होती.

या पावसाळ्यात लावायची घाई करू नका. पट्टी अजून रुतू देऊ नका, जोड भरला की उभी चीर देऊन सोडा. वर्षभर पिशवीतच वाढवा, थोरल्या पिशवीत बदला, पुढच्या मृगात रानात. तोवर उन्हाळ्यात मीटरभराचे खड्डे घेऊन ठेवा, तापू द्या. कलमाचा जोड मातीच्या वर राहील असं लावायचं, शेजारी काठी रोवून सैल बांधायचं.

---

मधपेटी_महाबळेश्वर · ३१ मार्च २०२५

काकू, यंदा मळीतलं फुललं का?

---

कृष्णाकाठ_पलूस · १ एप्रिल २०२५

फुललंय. सकाळी आठला गेलं तर झाडाखाली बोलणं ऐकू येत नाही एवढ्या माश्या. आग्या मोहोळाच्या आहेत, आणि बारक्या फुलोरीच्याही.

दिरांनी आपणहून वरच्या रानातली कोपऱ्याची पाच गुंठे जागा दिली. काल त्यांनीच दोरी धरून दहा-दहा मीटरवर खुणा केल्या. पाच झाडं बसतात. उरलेल्या दहा कलमांतली दोन भावाकडं शिराळ्याला, एक नणंदेला तिच्या परसात. बाकी गावात ज्यांच्याकडं पुराच्या रेषेच्या वर जागा आहे त्यांना देणार, म्हणजे एकाच ठिकाणी सगळं राहणार नाही.

कराडचे दादा, साताऱ्याचे सर, जूनमध्ये जांभळं पडायला लागली की या. येताना पसरट डबा आणा, पिशवीत चेंगरतात.